फुप्फुसातली वाळू

"तुमच्या फुप्फुसात वाळू आहे," डॉक्टर म्हणाले.

माझी ब्रॉन्कोस्कोपी नुकतीच झाली होती. म्हणजे नाकातून एक बारीक नळी श्वासनलिकेत सोडून आतलं पाहतात. घसा बधिर होता, त्यामुळे लगेच बोलता येत नव्हतं. मला ते बरंच वाटलं. डॉक्टरांनी एक छोटी बाटली उजेडाकडे धरली. गढूळ पाण्याच्या तळाशी काळे कण बसले होते.

"वारज्यात राहता ना आपण? तिथे समुद्र कधी आला?"

प्रश्न पुणेरी होता, पण ते हसत नव्हते. माझा ताप उतरेना म्हणून अकोल्याहून धावत आलेली आई पलंगाच्या पायाशी उभी होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायचे. सेल्वी माझ्याच टीममधली. वारज्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो. तिचं गाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कोळ्यांचं. नाताळच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले. आई एवढ्या लांब पाठवणार नाही म्हणून घरी सांगितलं, कंपनीची सहल आहे, उटीला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सेल्वी परतीच्या तिकिटांसाठी तालुक्याला गेली होती. तिचे वडील, अप्पा, होडी घेऊन समुद्रात होते. मी आणि तिची अम्मा वाळूवर बसून जाळ्यातली मासळी निवडत होतो. तिला मराठी येत नव्हतं, मला तमिळ. माझ्या बोटाला काटा टोचला की ती खदखदून हसायची.

आधी आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा. मान वर केली तर समोरचं पाणी घराएवढं उंच झालं होतं. अम्मानं माझं मनगट धरलं आणि पळत सुटली. पन्नासेक पावलं गेलो असू. मग पाठीवर काळं पाणी आदळलं. पाण्यात मी तिचा हात धरून होते, हे मला पक्कं आठवतं. नाकातोंडात चिखल गेला. काहीतरी जड, बहुतेक होडी, बरगड्यांवर आपटलं. समोर सुरूचं झाड दिसलं. फांदी धरायला मी हात सोडला.

तिनं नाही. मी सोडला.

अप्पा खोल समुद्रात होते म्हणून वाचले. अम्माचा देह तिसऱ्या दिवशी सापडला. सेल्वीला मी सांगितलं, त्सुनामी आली तेव्हा मी घरामागे होते, अम्मा एकटीच किनाऱ्यावर होती. तिनं मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

पुण्यात परतून कामावर रुजू झाले. दोनेक आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. मग संध्याकाळी थंडी वाजून ताप. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं, कुठे प्रवास? मी म्हटलं, उटी. आठवड्यानं थुंकीत रक्त आलं. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पांढरा डाग निघाला आणि मला मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं. तिथेही तेच उत्तर दिलं. खोटं एकदा फॉर्मवर गेलं की प्रत्येक नवा डॉक्टर तेच वाचून पुढे जातो. थुंकी तीनदा तपासली, टीबी सापडला नाही. तरी सोमवारपासून टीबीची औषधं सुरू करून पाहू, असं ठरलं होतं. त्याआधी एकदा आत बघून घेऊ म्हणून ही ब्रॉन्कोस्कोपी.

घसा मोकळा झाल्यावर मी सगळं सांगितलं. आई पलंगाची दांडी धरून खाली बसली.

"काऊन नाही सांगितलं मले?" एवढंच म्हणाली. मग डोळे पुसून उठली. "लिहून घ्या डॉक्टरसाहेब. आता काही सुटू देऊ नका."

याला ॲस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. पोटात जायचं ते श्वासनलिकेत उतरतं आणि तिथे सडतं. माझ्या बाबतीत समुद्राचा गाळ उतरला होता. त्यातले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. ते ओळखायला कल्चर लावलं, म्हणजे जंतू वाढवून बघायचे. त्याला तीन-चार दिवस लागणार होते.

एवढा वेळ फुप्फुसानं दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास अर्ध्यावर अडकायला लागला. सोनोग्राफीत एम्पायमा निघाला, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये पू साचलेला. बरगड्यांमधून नळी घातली. पलंगाखालच्या बाटलीत पिवळं, घाण वासाचं पाणी उतरायला लागलं. "फुप्फुस तीन दिवसांत फुगलं तर ठीक," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर छाती उघडून साफ करावं लागेल. आणि या तापात ते मला नको आहे."

आई बाटलीवरच्या रेघांकडे बघत बसायची. मी डोळे मिटले की पुन्हा पाण्यात असायचे, आणि हात माझ्या हातात असायचा.

त्याच संध्याकाळी सेल्वी आली. पंधरवड्यासाठी गावी गेली होती, स्टेशनवरून सरळ हॉस्पिटलात. मी मरेन असं मला खरंच वाटत होतं. दर दोन शब्दांमागे दम खात मी तिला सांगितलं, की मी घरामागे नव्हते. अम्मानं मला धरलं होतं. मी तिला सोडलं.

तिनं खांद्यावरची बॅग सारखी केली आणि निघून गेली.

दुसरा दिवस गेला, ती आली नाही. एक्स-रे तसाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कल्चरचा रिपोर्ट आला, औषध बदललं. नर्सनं मला तीन प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं खेळणं दिलं, स्पायरोमीटर. श्वास आत ओढून गोळी वर चढवायची. माझी एकही हलत नव्हती.

दुपारी दारात सेल्वी उभी होती. डोळे सुजलेले.

"मी तुला माफ केलं की नाही, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. पुण्यात चार वर्षं काढून तिचं मराठी स्वच्छ झालं होतं. "आत्ता विचारू पण नकोस. पण अप्पा रोज एकच विचारतात. शेवटी ती एकटी होती का? मी म्हणते, हो. मग ते जेवत नाहीत. आता तू सांग त्यांना."

तिनं मोबाइल लावला आणि स्पीकर चालू करून आमच्या दोघींमध्ये धरला. मी मराठीत एक वाक्य बोलायचे, ती तमिळमध्ये सांगायची. मासळी, काटा, हसणं, आवाज, मनगट. हात सुटल्याचंही सांगितलं. मग अप्पांनी काहीतरी विचारलं. सेल्वीनं माझ्याकडे वळून सांगितलं.

"ते विचारतायत, तिनं तुला घट्ट धरलं होतं का?"

"मनगटावर वळ उठले होते," मी म्हणाले.

अप्पा रडायला लागले. फोन आमच्यामध्ये तसाच होता. आईनं पुढे होऊन सेल्वीला जवळ घेतलं.

ऑपरेशन टळलं. संध्याकाळच्या एक्स-रेत फुप्फुस जरासं फुगलेलं दिसलं, नव्या औषधानं हळूहळू ताप उतरला. नळी अकराव्या दिवशी काढली. उजव्या फुप्फुसाचा खालचा तुकडा कायमचा गेला, दोन जिने चढले की कळतं.

तुमच्यापैकी कुणी अशा खाटेवर असाल, तर कुठे गेला होतात, काय झालं, असं डॉक्टर विचारतात, तेव्हा खरं सांगा. लाज वाटत असेल तर घरच्यांना बाहेर पाठवा, पण सांगा. ज्या डॉक्टरांनी मला न रागावता बाटली दाखवली, त्यांची मी ऋणी आहे. आईची तर आहेच.

पुढच्या वर्षी मी सेल्वीबरोबर गावी गेले. किनाऱ्यावर जायचं धाडस होईना. अप्पांनी आग्रह केला नाही. ओट्यावर जाळं पसरून ते विणत बसले आणि एक टोक माझ्या हातात दिलं. गाठ मारणं मला जमत नव्हतं, ते पुन्हा पुन्हा सोडून नव्यानं मारून दाखवत राहिले.