गेटवरची सही

२००१ च्या उन्हाळ्यात मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. आम्ही विजेच्या स्विचचे भाग जोडायचो. मालकांनी कोणाला काढलं नाही. दोन तुकड्या करून प्रत्येकीला आठवड्यातून तीनच दिवस काम दिलं. उरलेले तीन दिवस ले-ऑफ.

नियम सरळ होता. ज्याची नोकरी वर्षभराची झाली आहे त्याला ले-ऑफच्या दिवसाचा अर्धा पगार. मात्र पाळी सुरू होताना गेटवर येऊन रजिस्टरात सही करायची. काम नसलं तरी आपण कामाला तयार आहोत, हे दाखवायला. सही चुकली की तो दिवस गेला.

माझी शेजारीण दुसऱ्या तुकडीत होती. ती माझ्या चार महिने आधी लागलेली, म्हणून तिचं वर्ष भरलं होतं. माझं नव्हतं. सकाळच्या एसटीने आम्ही बरोबर जायचो. मी कामाला बसायची, ती आठला सही करून परतायची आणि अंगणात आमसुलं वाळत घालायची. माझ्या रिकाम्या दिवसांचं मला काहीच मिळत नसे. तिच्या अंगणाकडची खिडकी मी लावून घेऊ लागले.

एका संध्याकाळी टाइमकीपरने मला थांबवलं. उद्यापासून पाळी साडेसातला, सहीही तेव्हाच, शेजारणीला सांगा, म्हणाला.

ती अंगणातच होती. तिने मला फुलपात्रभर कोकम सरबत दिलं. एकही सही चुकली नाही तर मुलीचा चष्मा याच महिन्यात होईल, म्हणाली. मी सरबत संपवलं आणि घरी गेले.

सकाळी मी एकटीनेच आधीची एसटी धरली. आठला ती गेटवर उभी दिसली. रजिस्टर आत गेलं होतं.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. "टाइमकीपर म्हणतो, तुझ्याकडे निरोप दिला होता. मी म्हटलं, विसरली असेल, तिला काय कमी काळज्या आहेत?" मग म्हणाली, "विसरलीस ना गो?"

"विसरले," मी म्हणाले.

चष्मा पुढच्या महिन्यावर गेला. दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवर मुद्दाम उशिरा पोचले. एसटी सुटायच्या बेतात होती. आत तिने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझी जागा धरली होती.