खालच्या आजोबांची इटालियन

इरा आणि मात्तेओ, हे तुम्हाला तुमची आई इटालियन करून वाचून दाखवेल. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, जपानमध्ये राहून आजी इटालियन कुठे शिकली? ज्यांनी शिकवली ते खालच्या मजल्यावरचे आजोबा नुकतेच आपल्या मुलीकडे होक्काइदोला राहायला गेले. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

इटलीवर इतकं प्रेम करणारा माणूस इटलीतही सापडणार नाही, आणि हे गृहस्थ जन्मात कधी इटलीला गेलेले नाहीत. निवृत्त इंजिनिअर. त्सुकुबाला तुमच्या मामाकडे मी राहायला आले, तेव्हा कचरा टाकायच्या जागेपाशी आमची ओळख झाली. इथे काच, कागद, प्लास्टिक वेगवेगळ्या वारी टाकतात. आजोबा तिथे उभे राहून 'वेत्रो', 'कार्ता' असं पुटपुटत पिशव्या तपासायचे, आणि माझी चुकलेली बाटली मला इटालियनमध्ये परत करायचे. इटलीतल्या रिवाजाप्रमाणे सकाळी अकरानंतर दुधाची कॉफी घेणं त्यांना असभ्य वाटे. मामाने एकदा संध्याकाळी दिली, तर ती त्यांनी औषधासारखी संपवली आणि मग बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

त्या सुमारास तिकडे इटलीत मात्तेओ शाळेत जायला लागला आणि तुमच्या घरातलं मराठी आटलं. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. पडद्यावर मी दिसले की तुम्ही हात हलवून पळून जायचात, आणि मी तुमच्या रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायची. हे मी आजोबांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, इंग्रजीतून आणि उभ्याने. इंग्रजी शाळेत शिकलेली जीभ आळशी असते असं त्यांचं मत होतं. मी 'ग्रात्सिए'चं, म्हणजे त्यांच्या 'धन्यवाद'चं, 'ग्राझी' केलं की ते व्याकूळ होत. "शेवटचं अक्षर लिहिलंय ना, मॅडम? मग त्याला उपाशी ठेवू नका." 'नोन्ना' म्हणजे आजी; त्यातली आणि 'मात्तेओ'तली जोडाक्षरं मात्र मराठी जिभेला घरचीच, त्यामुळे तिथे मला शाबासकी मिळाली. स्वतः आजोबांचे 'र' आणि 'ल' एकमेकांत मिसळत, म्हणून ते जिना उतरताना त्यांचा सराव करत. आणि कोणताही शब्द म्हणताना, अगदी 'चाओ' हे साधं 'हाय' म्हणतानासुद्धा, कंबरेतून वाकत. मीही तशीच शिकले.

मग तो रविवार आला. मला संकोच नको म्हणून आजोबा स्वयंपाकघरात पाठ करून बसले. मी "चाओ, मात्तेओ" म्हणून रीतसर वाकले आणि पडद्यावरून नाहीशी झाले. वर आले तर तुम्ही दोघं जागेवरच, हसून लोळताय. मात्तेओ म्हणाला, "आंकोरा, नोन्ना." पुन्हा कर. मी पुन्हा केलं. इराही तिकडे वाकायला लागली. त्या दिवशी तुम्ही मला तुमची मांजर दाखवलीत, पडलेला दात दाखवलात, आणि फोन ठेवायची घाई तुम्हाला नाही, तुमच्या आईलाच झाली.

आजोबांनी हळूच विचारलं, "चूक झाली का?"

"झाली," मी म्हटलं, "आणि तीच करत राहणार आहे."

चुकीचं शिकवल्याबद्दल माफी मागायला दुसऱ्या दिवशी ते मिठाईचा खोका घेऊन आले. तो मी ठेवून घेतला. त्यांचे आभार कसे मानावेत हे मला त्यांच्याही भाषेत येत नव्हतं आणि माझ्याही.

जाताना ते म्हणाले, "इतकी वर्षं शिकलो, बोलायला कोणी नव्हतं. निदान तुमच्या तोंडून तरी माझे शब्द इटलीला पोचले."

खालचं घर आता रिकामं आहे. आपलं बोलणं चालू आहे.