पेन्सिलीचे चार ठिपके

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर कालवणासाठी सुका जवळा निवडला. रविवारची दुपार होती. बायको मधेच हात पुसायची आणि शेजारी उघडलेल्या हजेरीपटात बेरीज घालायची. ती बोरिवलीला म्युनिसिपालटीच्या शाळेत बाई होती. मी गिरणीतला, संपानंतर घरी बसलेला. घर तिच्या पगारावर चालायचं.

त्या वर्षी नवीन टूम निघाली होती. ज्याचा वर्ग तपासणीच्या साहेबासमोर चांगला वाचेल, त्याला एक पगारवाढ आगाऊ. साहेब सोमवारी येणार होता. मला तेव्हाच लबाडीचा वास आला. गिरणीत आमच्यातही चांगल्या कापडाला जास्त पैसे होते. त्याने कापड सुधारलं नाही, खराब तुकडा लपवायला माणसं शिकली. मीही शिकलो.

"हेडमास्तर म्हणतात, वाचता न येणारी चार पोरं पटावरून कमी करा. गावी गेली लिहा," ती म्हणाली.

"मग तुझी वाढ नक्की."

"त्यांची शाबासकीपण."

"तू काय करणार?"

"तुम्ही जवळा निवडा. कच राहिली तर दाताखाली आल्यावर बोंबलाल."

पटात चार नावांपुढे पेन्सिलीचे ठिपके होते. मी दुसरी शिकलेला, पण नावं वाचता येतात.

"ठिपके कशाला गो?"

"चहा ठेवते, मग सांगते."

चहा उकळत असतानाच ती स्टोव्हपाशी पडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

संध्याकाळी स्मशानात हेडमास्तर आले. हात जोडले आणि लगेच विचारलं, "पट घरी आहे ना? मी घेऊन जातो."

"सापडत नाही," मी म्हटलं. पट तांदळाच्या डब्याखाली ठेवला होता.

ते चार ठिपके पोरं कमी करायला होते की राखायला, मला कळलं नाही. घरी बसलेल्या नवऱ्यापायी ती हेडमास्तरांना हो म्हणाली असेल, हा संशय अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट पिशवीत घालून निघालो. ती चारही पोरं खाडीकडच्या एकाच वस्तीतली. विचारत विचारत घरं काढली. पहिल्याच दारात कोळीण टोपली भरत होती.

"शाळेतनं निरोप आलाय, आज पोरीला धाडू नका म्हणून."

"बाईंनी बोलावलंय," मी म्हटलं. खरं की खोटं, मलाच ठाऊक नव्हतं. बाई गेली हे तिला सांगितलं नाही. बाकीच्या तिन्ही घरी तेच बोललो.

चौघांना घेऊन शाळेपर्यंत आलो, पण सुतक होतं म्हणून फाटकाबाहेरच थांबलो. त्यांतल्या मोठ्या पोरीच्या हातात पट दिला. "साहेबाच्या हातात दे. हेडमास्तरांनी मागितला तरी नाही."

बायकोचा वर्ग रस्त्याकडेचा. कुणीतरी पट वाचायला लागलं. त्या चौघांतलं चौथं "हजर" ऐकू येईपर्यंत मी तिथेच उभा होतो.