काचेजवळच्या निळ्या गोळ्या

साडीच्या दुकानात काचेशी नटून उभं राहणं, हे माझं काम. आज दाराशेजारच्या यंत्रात एक काका च्युइंगगमच्या गोळ्या भरत होते. लाल-पिवळ्या त्यांनी मधोमध ओतल्या. निळ्या तेवढ्या निवडून कडेनं यंत्राच्या काचेला लावल्या.

"निळ्यांचे एवढे लाड का हो?" मी विचारलं.

"पोरं त्यांना बघूनच नाणं टाकतात. पण मधल्या आधी घसरतात. कडेच्या राहतात तिथंच."

"मग त्या बाहेर कधी येतात?"

"रंग उडाला की मीच काढून टाकतो."

सगळा रस्ता डोळ्यांसमोर, आणि गोळी बाहेर पडायचं खालचं दार कधीच वाट्याला नाही! मी नकळत काचेपासून मागं सरकले.

गल्ल्यावरून शेठ म्हणाले, "पुढं हो गं. रस्त्यावरून दिसायला हवीस."