दहीभाताखालचा गूळ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायला उठून जाणारी बाई मी. शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे 'असेल काहीतरी कारण' हे माझं ठरलेलं वाक्य. इथले बाकीच्यांचे अनुभव वाचतानाही मनात तेच म्हणायचे... आता स्वतःचाच लिहायला बसलेय, तेव्हा हसा हवं तर.

नवऱ्याची बँकेतून कुंभकोणमला बदली झाली तेव्हा सासूबाई जाऊन काही महिनेच झाले होते. सासरे — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — सांगलीला एकटा राहतो म्हणत होते. पण ठेवून येणार कसं? माणूस निम्मा झाला होता. जेवायला बसायचे, कसेबसे शेवटच्या दहीभातापर्यंत यायचे, भात बोटाने जरासा उकरून बघायचे आणि ताट बाजूला सारायचे. रोज. मी भात मऊ केला, दही गोड लावलं, फोडणी घातली, फोडणी बंद केली. शेवटी वाटायला लागलं, माझ्या हातचंच यांना नको झालंय. रडूही यायचं आणि रागही. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, वजन असंच उतरत राहिलं तर कठीण आहे.

घर मिळालं ते मेलकावेरीत, नदीपासून दोन गल्ल्या आत. तीन मजली इमारत, सगळे भाडेकरूच. सामान आधीच पोचलं होतं, आम्ही स्टेशनवरून रिक्षाने भर दुपारी आलो. फाटकात एक साठीच्या बाई ताटात हळद-चुन्याचं लाल पाणी घेऊन उभ्या होत्या.

"यावा, यावा. उन्हांत दमलांत नव्हे? आम्हीं पण मराठीच. घरांत हेच बोलतों."

या तुळजाक्का. तळमजल्यावर राहतात. मूळ घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या इकडेच. मराठी ऐकून आधी हसू आलं, मग एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. इमारतीत त्यांनी लावलेली रीत अशी, की नवं बिऱ्हाड आलं की त्या फाटकात ओवाळणार आणि पहिलं जेवण त्यांच्याकडे. जितक्यांना ओवाळलं तितकी पानं मांडायची, एकही कमी नाही.

हातपाय धुऊन खाली गेलो, तर केळीची चार पानं मांडलेली.

"अक्का, आम्ही तिघंच आहोत."

"तिघं कसं? चौघांना ओवाळलें की मी! आजी कोठं राहिली? अण्णांच्या मागून आली ती. दम लागला म्हणून जिन्याच्या पायरीवर बसली होती."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ऊन केवढं आहे, शेजारच्या कोणी असतील. असेल काहीतरी कारण! अण्णा मात्र त्या रिकाम्या पानाशेजारी जाऊन बसले.

पिठलं होतं, दह्यात कालवलेली उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी होती... अण्णांनी सगळं चिवडलं. शेवटी अक्कांनी दहीभात वाढला. अण्णांनी सवयीने बोटाने उकरला — आणि हात तिथेच थांबला.

भाताखाली गुळाचा खडा होता.

अण्णांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. आम्ही दोघं घाबरून उठलो, तर त्यांनी हातानेच 'बसा' म्हटलं. गूळ भातात कुस्करला आणि सगळा भात जेवले. पान पुसून!

मग मी अक्कांना विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"आजीनंच सांगट्लं की. पायरीवर बसून. म्हणाली, भाताखालीं ठेव, वर नको. पोराला दिसलं तर बापावर ओरडेल."

नवऱ्याचं तोंड उतरलं. अण्णांना साखर निघाली तेव्हापासून घरात गोडावर पहारा त्याचाच. आणि इतकी वर्षं आई रोज आमच्या नाकाखाली बोराएवढा गूळ भाताखाली लपवत होत्या! त्या गेल्यावर अण्णा रोज भात उकरून तेच शोधत होते. मागणार कुणाकडे? मागितला असता तर आईंची चोरी उघडी पडली असती ना...

मी कसंबसं सांगितलं की अक्का, आई आता नाहीत. अक्का उठल्या आणि चौथ्या पानावरही दहीभात वाढला. खाली गूळ ठेवून.

"आलेल्या माणसाचं पान रिकामं ठेवूं नये," एवढंच म्हणाल्या.

नंतर मी सगळे तर्क लढवले. आईंचा फोटो तेव्हा ट्रंकेत होता. आमच्या पानांवरच्या भाताखाली गूळ नव्हता. आणि गुळाची गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती, त्यातलं एक हयात नव्हतं. कारण काही सापडलं नाही, आजही माझ्याकडे ते नाही.

आता मीच ठेवते गूळ, डॉक्टरांना विचारून, अगदी एवढासा. त्या वेळी नवरा मुद्दाम खिडकीबाहेर बघतो. अण्णांच्या अंगावर मांस चढलंय. मागच्या आठवड्यात आडुतुरैहून नवं बिऱ्हाड आलं, तर कुंकवाचा करंडा घेऊन अण्णा फाटकात अक्कांच्या शेजारी उभे! ओवाळून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलेलं मी ऐकलं.

"ती... पुन्हा दिसली का हो?"

"नहीं, अण्णा. आतां सुनेला कळलं अहे नव्हे? मग कशाला येईल ती?"

रात्री मी ताट वाढताना अण्णा मला म्हणाले, "बाळ, एखाद्या दिवशी गूळ ठेवायला विसरत जा."

मी हो म्हटलं. पण अजून विसरलेली नाही... अण्णांनी भात उकरावा आणि खाली काही नसावं, हे आता माझ्याने बघवणार नाही.