आबांच्या गोळीचा हंगाम

मी लिहावं एवढी माझी लायकी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मिरजेला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ज्ञान अर्धवटच. पण घोळ माझ्यामुळे झाला, तेव्हा मीच सांगितलेला बरा.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोलेस्टेरॉल वाढलं होतं. थोरले चुलते हार्ट अटॅकनं गेलेले. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. कुंडलला घरी आल्यावर आबा गोळी तळहातावर घेऊन म्हणाले, "तेलकट सोडलंय की मी. मग ही कशाला रं?"

मी तो धडा नुकताच वाचला होता. "आवं आबा, कोलेस्टेरॉल नुसतं खाण्यातनं येत न्हाई. आपलं यकृतच ते तयार करतं, साखर कारखान्यागत. त्यातलं एक एन्झाइम म्हंजे मेन मिल. गोळी त्या मिलमदी जाऊन अडकती. आत माल कमी पडला की पेशी जादा दारं उघडून रक्तातलं कोलेस्टेरॉल वढून घेती."

"लय बेस सांगितलंस गड्या!"

जन्मभर कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला पटलं, याचा मला इतका आनंद झाला की तेच मी हॉस्टेलवर चौघांना ऐकवलं.

मे महिन्यात सुट्टीला गेलो, तर फळीवर गोळ्यांची पाकिटं न फोडलेली.

"आबा, गोळी?"

"मार्चात कारखाना बंद झाला न्हवं? बंद मिलमदी काय घालायचं? बॉयलर पेटला की चालू करतो."

आई आतून ओरडली, "मी म्हनत हुते, पोराला इचारा! तर म्हनले, त्यानंच सांगितलंय."

चुलते डोळ्यांसमोर आले. "आबा, यकृताला हंगाम नसतो. बारा महिने चालू."

"आन् साप्ताहिक सुट्टी?"

"ती बी न्हाई."

"आरं बिचाऱ्या!" आबांना माझ्यापेक्षा यकृताचीच दया आली. पण गोळी त्यांनी माझ्यासमोरच घेतली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. दोन महिने रोज गोळी घ्या, मग पुन्हा रक्त तपासू, ईसीजीची पट्टीही काढू, म्हणाले. ते दोन महिने मी रोज फोन करून एकच प्रश्न विचारला. आबा वैतागून म्हणायचे, "घेतली रं बाबा, घेतली!"

जुलैत प्रॅक्टिकल चालू असताना फोन वाजला. सरांची परवानगी घेऊन बाहेर पळालो. आई म्हणाली, "रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल हद्दीत हाय, आन् हृदयाची पट्टी बी चांगली निघाली."