मामांची भर दुपारची फेरी

मुंबईच्या उन्हाला आजवर कुणी चारी मुंड्या चीत केलं असेल तर ते माझ्या मामेसासऱ्यांनी. निदान त्यांची स्वतःची तशी ठाम समजूत आहे, आणि ती खोडून काढण्याच्या भानगडीत आमच्या घरात आता कुणी पडत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी, परळ-लालबागची कुत्रीसुद्धा उभ्या टॅक्सीखालून बाहेर यायला तयार नसतात तेव्हा, सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ मोटरसायकलला किक मारून बाहेर पडतो. बरं, काही काम असतं म्हणावं तर तेही नाही. निवृत्त होऊन जमाना झाला. एवढ्या उन्हात कशाला जाता, असं विचारलं की ऊन बिनतयारीच्या माणसाला लागतं, हे उत्तर ठरलेलं.

ही तयारी मात्र बघण्यासारखी असते. वाळ्याची जुडी टाकलेल्या बादलीत सकाळपासून एक पंचा भिजत पडलेला असतो. निघताना तो न पिळता गळ्याभोवती गुंडाळायचा. हेल्मेटच्या आत ओला रुमाल, अंगात विरून विरून जाळीदार झालेला पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, पेट्रोलच्या टाकीवर गुडघे भाजू नयेत म्हणून भिजवलेलं गोणपाट, पाठीवरच्या पिशवीत कोकम सरबताची बाटली. असे मामा सतराव्या मजल्यावरून खाली उतरले की लिफ्टपासून फाटकापर्यंत पाण्याची एक रेघ उमटते. वॉचमन ती मुकाट्याने पुसतो. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खिशातला कांदा. कांदा जवळ असला की उष्माघात फिरकत नाही, हे त्यांच्या आजीने सांगितलेलं आणि त्यांनी जन्मभर पाळलेलं. माझ्या नणंदेच्या साखरपुड्याला मामा असेच थेट रस्त्यावरून आले. घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर एक चांगला मोठा कांदा टणटण उडत थेट भटजींच्या पाटापाशी जाऊन थांबला. भटजींनी पाय वर घेतले. मुलाकडच्यांना वाटलं आमच्याकडे अशीच पद्धत असेल. मामांनी शांतपणे जाऊन कांदा उचलला, पुसला आणि परत खिशात ठेवला.

माझा नवरा शास्त्राचा पदवीधर आहे. त्याने एकदा त्यांना समजावून सांगितलं की हे ओल्या कापडाचं प्रकरण नागपूरला ठीक आहे, मुंबईच्या दमट हवेत कापड वाळतच नाही, त्यामुळे गारवा वगैरे काही येत नाही, माणूस नुसता भिजतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणूनच तर गाडी चालती ठेवायची असते. पाण्याने कोण गार होतो? गार करतो तो वारा. माणूस उन्हात थांबला की संपला. पुढच्या उन्हाळ्यात नवराही गळ्याला ओला रुमाल बांधून भाजी आणायला जाताना मी पाहिला आहे.

मामांचे रस्तेही त्यांचे स्वतःचे. जवळचा रस्ता, लांबचा रस्ता असला भेद ते मानत नाहीत. सावलीचा रस्ता आणि बिनसावलीचा रस्ता, एवढंच. परळहून आमच्याकडे गिरगावात, म्हणजे दक्षिणेला, यायला हा माणूस आधी उत्तरेला दादरला जातो, कारण हिंदू कॉलनीत झाडं चांगली आहेत. लालबागच्या पुलावरून ते कधी जात नाहीत. पूल बांधला आहे तो खालून जाणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून, असं त्यांचं मत आहे. सिग्नल लाल दिसला की अलीकडे जिथे झाडाची सावली असेल तिथेच ते गाडी उभी करतात आणि मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात. एकदा हवालदार चालत आला. "ओ काका, सिग्नल तिकडे आहे. इकडे काय उभे राहिलात?" मामा म्हणाले, "तिकडे ऊन आहे. हिरवा झाला की येतो." वर त्या हवालदाराला वाळ्याच्या पाण्याचे फायदे सांगितले आणि पिशवीतला जादा ओला रुमालही देऊ केला. दंड झाला नाही. रुमाल गेला.

आता ही दुपारची फेरी असते कशासाठी? तर नातेवाइकांकडे आणि जुन्या स्नेह्यांकडे. वार ठरलेले, घरं ठरलेली. पण दुपारी दोन वाजता घरी असतं कोण? सगळे कामावर. संध्याकाळी आम्ही घरी आलो की दाराच्या कडीला एक कापडी पिशवी लटकलेली असते. आत दोन कांदे, आमसुलं, सब्जाची पुडी. मामा येऊन गेले, असं म्हणून आम्ही हसतो आणि कांदे टोपलीत टाकतो. आमच्या सगळ्या गोतावळ्यात उन्हाळ्यात कुणी कांदे विकत घेत नाही.

मामी होत्या तेव्हा हाच माणूस दुपारी घरातून हलत नसे. जेवण झालं की दोघं आडवी होत आणि पंख्यावरून भांडत. मामींना पंखा पाचवर लागे, मामांना दोनवर. झोप राहायची बाजूला, तासभर रेग्युलेटर मागेपुढे. मामी गेल्या. चाळ पाडून टॉवर झाला, तो त्यांनी पाहिलाच नाही. मुलाने बंगळूरहून येऊन नव्या घरात एसी बसवून दिला. त्या एसीत बसून राहावं असं मामांना का वाटत नाही, हे त्या मुलाला अजून कळलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात लालबागला मामांना भोवळ आली. गाडी कडेला घेतली आणि तिथेच बसले. फूलवाल्या बाईंनी तोंडावर पाणी मारलं, पाणी पाजलं. मामांच्या मते ती भोवळ नव्हतीच, ते जरा डोळे मिटून बसले होते. पण बातमी बंगळूरला पोचली आणि मुलाचा मला फोन आला. "वहिनी, तुमचं ऐकतील ते. काहीही करा, पण ती गाडी काढून टाकायला लावा." त्याची काळजी खोटी नव्हती. मीही घाबरले होते. म्हणून मी एक दिवस रजा टाकली, परळला गेले आणि म्हटलं, मामा, आज मी तुमच्याबरोबर येते. वाटेत कुठेतरी विषय काढू, असा माझा बेत.

मामांना इतका आनंद झाला की त्यांनी माझी ओढणी स्वतः बादलीत बुडवली. मागच्या सीटवरून दोनदा ओलं फडकं फिरवलं. आधी आम्ही अँटॉप हिलला त्यांच्या भाचीकडे गेलो. कुलूप. मामांनी सवयीने कडीला पिशवी लावली, ती नीट बसली की नाही ते पाहिलं आणि जिना उतरले. मग दादरला, त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे. तिथेही कुलूप. शेजारच्या बाईंनी जाळीच्या दारातून सांगितलं, अंकल डॉटरकडे गेले वसईला, मान्सूननंतर येतील. मामा म्हणाले, बरं बरं, आणि त्याही कडीला पिशवी लावली. पावसाळ्यानंतर त्या कांद्यांचं काय झालेलं असेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

खाली एका झाडाखाली आम्ही सरबत प्यायला थांबलो. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हीच वेळ होती. पण माझ्या तोंडून भलतंच आलं. "मामा, निघायच्या आधी फोन का नाही करत?"

"अगो, फोन केला की माणूस सांगतो, घरी नाही," मामा म्हणाले. "मग जायचं कुठे? न विचारता निघालं की निदान दारापर्यंत तरी जाता येतं."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, सावलीचा रस्ता सांगावा तसं. गाडीचा विषय मी काढलाच नाही. संध्याकाळी बंगळूरला कळवलं की सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

तेव्हापासून मात्र माझ्या जिवाला घोर लागला. आमच्या कंपनीत आठवड्यातला एक दिवस घरून काम करायची सोय आहे. बाकीच्यांनी सोमवार नाही तर शुक्रवार मागून घेतला. मी गुरुवार मागितला, कारण मामांची ठाकूरद्वारची, म्हणजे आमच्याकडची, फेरी गुरुवारी असते. त्यांना हे सांगितलं नाही. पहिल्या गुरुवारी बेल वाजली आणि मी लगेच दार उघडलं, तर मामा पिशवी कडीच्या दिशेने उचलून उभे. इतके गोंधळले की आत यावं की पिशवी लावावी हेच त्यांना सुचेना. कपडे ओले म्हणून खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, पाच मिनिटांत उठले. मग दर गुरुवारी असंच. वाडीत गाडी थांबल्याचा आवाज येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं. आणि ते गेले की आणखीच नसतं. मुलगी पुण्याला, नवरा यायला रात्र. इतकी वर्षं मी या घरात दुपारी कधी राहिलेच नव्हते. माझ्याही घरातली दुपार एवढी लांब आणि एवढी मुकी असते, हे मला माहीत नव्हतं.

परवाच्या गुरुवारी मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि घरभर नजर फिरवली.

"दर गुरुवारी असतेस गो तू घरी?"

"असते, मामा."

"आणि दिवसभर एकटीच?"

मी हो म्हटलं.

मामा खुर्चीच्या कडेवरून मागे सरकले आणि त्यांनी पाठ टेकली. "मग बसतो थोडा वेळ," ते म्हणाले.